कॅप्टन निवडायचा तर बॉलकडं बघू नका

सुनील छेत्रीनं ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निरोप घेतला. पुढच्या वर्षी तो परत आला, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर एक वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही: भारताचा कॅप्टन कोण असावा? एकाला कीपर हवा, दुसऱ्याला स्टॉपर (मधला बचावपटू), तिसऱ्याचं म्हणणं जो गोल मारतो त्यालाच द्या. प्रत्येकाकडं नाव तयार असतं. ते नाव कशावरून काढलं, हे विचारलं की मात्र सगळे चहाच्या गाड्याकडं वळतात.

मी खेळाडू म्हणून बेताचाच होतो. नंतर शिट्टी हातात घेतली आणि पेठांच्या मॅचेसमध्ये पंच म्हणून उमेदीची वर्षं घालवली. त्यामुळं कॅप्टन नावाचा माणूस मला जरा वेगळ्या बाजूनं ठाऊक आहे. कोच त्याला सरावात बघतो, प्रेक्षक गॅलरीतून बघतात. पंच त्याला बघतो तो निर्णय विरोधात गेल्यावर, दोन फुटांवरून, तोंडावर थुंकी उडत असताना. राष्ट्रीय संघासाठी मला कुणी विचारणार नाही. पण कॅप्टन निवडायची माझी एक पद्धत आहे आणि ती तालुक्याच्या संघापासून देशाच्या संघापर्यंत चालते असं माझं मत आहे. तीच इथं सांगतो.

आधी क्रिकेट डोक्यातून काढा

आपण महाराष्ट्रातली माणसं. कॅप्टन म्हटलं की आपल्यासमोर फील्डिंग लावणारा, बोलिंग बदलणारा, टॉस जिंकून काय घ्यायचं यावर रात्रभर विचार करणारा माणूस उभा राहतो. फुटबॉलच्या कॅप्टनकडं यातलं जवळपास काहीच नसतं. अकरा कोण, बदली कुणाची, कुठल्या रचनेत खेळायचं, हे सगळं कोच ठरवतो. नियमांच्या पुस्तकात तिसऱ्या नियमात साफ लिहिलंय की कॅप्टनला कुठलाही खास दर्जा किंवा सवलत नाही. संघाच्या वागणुकीची काही प्रमाणात जबाबदारी तेवढी त्याच्यावर आहे. टॉस जिंकला तर कुठल्या बाजूला आक्रमण करायचं किंवा किक-ऑफ घ्यायचा हे तो सांगतो. टायब्रेकरच्या आधीचा टॉस जिंकला तर पहिली किक आपली की त्यांची, हे सांगतो. कागदावरचे अधिकार इथं संपले.

म्हणून 'डावपेच कुणाला जास्त कळतात' या प्रश्नानं सुरुवात केली तर निवड चुकीच्या रस्त्याला लागते. चुनी गोस्वामी दोन्ही खेळांत कॅप्टन होते. १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक त्यांच्याच नेतृत्वाखाली आलं, आणि पुढं दहाएक वर्षांनी रणजीच्या फायनलमध्ये मुंबईविरुद्ध बंगालचं नेतृत्वही त्यांनीच केलं. क्रिकेटमध्ये त्यांच्या हातात काहीतरी होतं. जकार्तात मात्र डोकं चालवायला कोच सय्यद अब्दुल रहीम बाकावर बसले होते. राजकीय वादामुळं अख्खं स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. अशा वेळी चोविशीतल्या कॅप्टनच्या वाट्याला येतं ते एवढंच, की बाकीच्या दहांनी त्याच्याकडं बघावं आणि त्यांचं काळीज जागेवर यावं. मी निवड करतो ती या कामासाठी.

पहिली चाळणी: हा माणूस खेळणार आहे का?

ऐकायला बावळट प्रश्न वाटतो. पण मोठमोठे संघ इथंच अडकलेत. २०११ च्या आशिया कपला कॅप्टन बायचुंग भुतियाला दुखापतीसह दोह्याला नेलं. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५ हरलो, आणि भुतिया मैदानात उतरला तो तिसऱ्या मॅचमध्ये, कोरियाविरुद्ध, तेही शेवटी थोडा वेळ. त्याच्या देशप्रेमावर किंवा मोठेपणावर माझी शंका नाही. पण बाकावर बसलेला नेता आणि मैदानातला नेता ही दोन वेगळी माणसं असतात.

म्हणून कागद घ्या आणि ज्यांची अकरातली जागा पुढची दोन वर्षं पक्की वाटते अशांचीच नावं लिहा. क्लबकडून नियमित खेळतोय का, हे बघा. क्लबमध्ये बाकावर असणारा खेळाडू देशाचा कॅप्टन झाला की प्रत्येक संघनिवडीला कोचच्या गळ्यात फास बसतो: ठेवला तर संघ कमजोर, काढला तर बातमी.

आणि कार्डं मोजा. पंच म्हणून हे मी ठासून सांगतो. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलचा कॅप्टन थियागो सिल्वा, जगातला पहिल्या दर्जाचा स्टॉपर. कोलंबियाविरुद्धच्या क्वार्टर फायनलला त्यानं गोल मारला, आणि नंतर त्यांच्या कीपरच्या किकला आडवा जाऊन पिवळं कार्ड घेतलं. काही गरज नव्हती. स्पर्धेतलं दुसरं कार्ड, त्यामुळं सेमीफायनल बाहेर. त्या सेमीफायनलला जर्मनीनं सात घातले, त्यातले पाच पहिल्या अर्ध्या तासात. सिल्वा असता तर जिंकले असते असं मी म्हणत नाही. पण पाच गोल तसे लागोपाठ बसत असताना चार माणसांना दंडाला धरून उभं करणारा कुणीतरी हवा होता, आणि तो बाहेर बसला होता. ज्याला फालतू कार्ड घ्यायची सवय आहे त्याचं नाव मी यादीतून खोडतो. टॅकल करताना घेतलेलं कार्ड मला चालतं. तोंडानं घेतलेलं चालत नाही.

गोल खाल्ल्यावरची दोन मिनिटं

आता मुख्य काम. उरलेल्या नावांच्या मॅचेस बघा, शक्यतो प्रत्यक्ष मैदानावर. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागं धावतो आणि तुम्हाला जे बघायचंय ते बॉलपासून चाळीस यार्डांवर घडत असतं. जिंकलेल्या मॅचेस सोडून द्या. ३-० पुढं असताना प्रत्येकजण कॅप्टन असतो. ज्यात गोल खाल्ला, पेनल्टी गेली, माणूस बाहेर काढला गेला, अशा मॅचेस निवडा.

गोल बसला की घड्याळ लावा आणि पुढची दोन मिनिटं फक्त माणसांकडं बघा. जाळ्यातून बॉल कोण काढतो? चुकलेल्या बॅकजवळ कोण जातो, आणि जाऊन काय करतो, हात वर करून त्याला सगळ्या स्टेडियमसमोर नागडा करतो की खांद्यावर थाप मारून तोंड फिरवून देतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाकीचे कुणाकडं बघतात? हे माझं सगळ्यात भरवशाचं माप आहे. संघातली पोरं गोंधळली की त्यांच्या माना आपोआप एका दिशेला वळतात. तिथं आर्मबँड (कॅप्टनच्या दंडावरचा पट्टा) असेलच असं नाही.

एका उपांत्य सामन्यात (पेठांची नावं सोडून देऊ, दोन्हीकडचे मला ओळखतात) शेवटच्या मिनिटांत मी पेनल्टी दिली. आर्मबँडवाला अंगावर धावून आला, माझ्या घराण्याची चौकशी सुरू झाली, मागून अजून चारजण. तेवढ्यात त्यांचा लेफ्ट बॅक, अंगानं काडी, आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही घड्याळ बघा, ह्यास्नी मी बघतो." आणि खरंच बघितलं त्यानं. कुणाला ढकललं नाही, नुसतं आपल्या लोकांच्या आणि माझ्या मधे उभा राहिला. पाचही जण मागं सरले. पुढच्या हंगामातही आर्मबँड त्या पहिल्याच्याच दंडावर होता, कारण तो गोल मारायचा. कोच लोक बॉलकडं बघतात, दुसरं काय.

या प्रकारातला जगातला सगळ्यात मोठा नमुना म्हणजे उरुग्वेचा ओब्दुलिओ व्हारेला. १६ जुलै १९५०, माराकाना, प्रेक्षक दोन लाखांच्या घरात. ब्राझीलला विश्वविजेते व्हायला नुसती बरोबरी पुरेशी होती, आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच फ्रियासानं गोल मारला. व्हारेलानं बॉल काखेत घेतला आणि तो ऑफसाईडची तक्रार करत राहिला. पंच इंग्रज, याला इंग्रजी येत नाही, म्हणून दुभाषा मागितला. गोल रद्द होणार नाही हे त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. त्याला हवा होता वेळ. स्टेडियमचा तो आवाज जरा खाली यावा, आपल्या पोरांचे श्वास जागेवर यावेत, आणि ब्राझीलवाल्यांचा नाच थांबावा. मग त्यानं बॉल मधोमध ठेवला. उरुग्वे २-१ नं जिंकला. पंच म्हणून मला असा कॅप्टन डोकेदुखी वाटेल. निवडणारा म्हणून मी त्याला सोडणार नाही.

तक्रार करणारे दोन जातीचे असतात, आणि हा फरक ओळखायला शिका. एक स्वतःचा राग बाहेर काढायला पंचाकडं येतो. दुसरा संघाचा राग स्वतःकडं घेऊन येतो, म्हणजे बाकीचे खेळायला मोकळे. मार्च २०२१ मध्ये बेलग्रेडला सर्बियाविरुद्ध रोनाल्डोचा शेवटच्या क्षणाचा गोल दिला गेला नाही. बॉल रेषा ओलांडून गेला होता, म्हणजे तो बरोबरच होता. त्यानं आर्मबँड काढून जमिनीवर फेकला आणि मॅच संपायच्या आत चालू लागला. माणूस बरोबर असताना कसा वागतो, हेसुद्धा वहीत लिहून ठेवायचं असतं.

दुसऱ्या टोकाला डेन्मार्कचा सिमॉन केअर. १२ जून २०२१, कोपनहेगन, फिनलंडविरुद्ध मॅच चालू असताना एरिक्सन मैदानावर कोसळला. केअर त्याच्याजवळ धावला, डॉक्टर आल्यावर सगळ्या सहकाऱ्यांना पाठमोरं उभं करून कडं केलं, म्हणजे कॅमेऱ्याला आणि लोकांना ते दिसू नये. मग कीपर श्मायकेलबरोबर एरिक्सनच्या जोडीदाराला सावरायला गेला. असल्या प्रसंगाचा सराव कुठल्या शिबिरात होत नाही. पण तुम्ही ज्याला बघताय तो जखमी प्रतिस्पर्ध्यापाशी थांबतो का, बॉलबॉयशी कसा बोलतो, बदली झाल्यावर बाकावर जाऊन बाटलीला लाथ घालतो की आत गेलेल्या पोराला ओरडून सूचना देतो, यावरून अंदाज येतो.

कीपरला द्यावा का?

इथं वाद होणारच. माझं मत आधीच सांगतो: द्यायला हरकत नाही, पण मैदानाच्या मध्यात त्याचा एक माणूस ठेवून.

कीपर-कॅप्टननी विश्वचषक उचललेला आहे. १९३४ ला इटलीचा कोंबी, १९८२ ला चाळिशीतला डिनो झोफ, २०१० ला स्पेनचा कासियास, २०१८ ला फ्रान्सचा लोरिस. आपल्याकडं गोव्याचे ब्रह्मानंद संखवाळकर ऐंशीच्या दशकात भारताचे कॅप्टन होते, तेही कीपरच. कीपरला सगळं मैदान समोर दिसतं, तो सहसा बदलला जात नाही, दुखापती तुलनेनं कमी. हे सगळं खरं.

पण आता कतारची मॅच आठवा. छेत्रीच्या निरोपानंतर पाचव्या दिवशी, ११ जून २०२४, दोहा. आर्मबँड गुरप्रीतसिंग संधूकडं. छांगतेच्या गोलनं आपण पुढं होतो. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत. ७३ व्या मिनिटाला गुरप्रीतनं हेडर अडवला, बॉल गोललाईनच्या बाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो मागं ओढला आणि दुसऱ्यानं जाळ्यात घातला. गोल दिला गेला. व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) नव्हतं. बॉल बाहेर गेला होता हे सगळ्यांनी पाहिलंय, माझ्या बिरादरीची बाजू घ्यायची इथं सोय नाही. गुरप्रीतनं आणि पोरांनी दाद मागितली, काही झालं नाही, आणि बारा मिनिटांनी दुसरा गोल बसला.

मला रस आहे तो त्या बारा मिनिटांत. अन्याय झालाय, डोकी तापलीत, प्रत्येकजण तो गोल परत मिळवायला एकटाच धावतोय. त्या वेळी कॅप्टनचं काम मैदानाच्या मध्यात असतं, आणि कीपर बिचारा खांबाला बांधलेला. तिथं बसून तो ओरडू शकतो, बाकी काही नाही.

त्यात आता नवीन गोष्ट आली. युरो २०२४ पासून युरोपनं नियम केला की निर्णयाबद्दल पंचाशी फक्त कॅप्टननं बोलायचं, बाकी कुणी जवळ आलं तर कार्ड. कॅप्टन कीपर असेल तर मैदानातल्या एका खेळाडूचं नाव आधी सांगून ठेवायचं. ही पद्धत आता इतरत्रही पसरते आहे, आणि माझ्यासारख्यांना तर ही उशिरा आलेली देवाची कृपा वाटते. यामुळं कॅप्टनचं बोलणं ही कामाची गोष्ट झाली. पंचाशी कसं बोलावं? बॉल मेल्यावर, म्हणजे खेळ थांबल्यावर यावं, हात खाली ठेवावेत, प्रश्न विचारावा, आरोप करू नये. "सर, काय दिलंत?" असं विचारणाऱ्याला मी कायम उत्तर दिलंय. "सर, हे काय दिलंत!" म्हणणाऱ्याला शिट्टी ऐकवलीय. आणि आंतरराष्ट्रीय मॅचचा पंच उझबेकिस्तानचा असेल, जपानचा असेल. मोडकंतोडकं का होईना, चारचौघांत समजेल असं इंग्रजी कॅप्टनला हवं, नाहीतर व्हारेलासारखा दुभाषा मागावा लागेल आणि आजकाल तो मिळत नाही.

सगळ्यात भारी खेळाडू म्हणजे कॅप्टन?

१९७० च्या ब्राझीलचा कॅप्टन पेले नव्हता, कार्लोस आल्बेर्तो होता. १९९८ च्या फ्रान्सचा झिदान नव्हता, देशाँ होता. उलट बाजूनं, बिलार्दोनं अर्जेंटिना हातात घेतल्यावर १९७८ चा कप उचललेल्या पासारेलाकडून आर्मबँड काढला आणि मॅराडोनाला दिला. दोघांचं कधी जमलं नाही, मेक्सिकोत पासारेला आजारी पडून एकही मॅच खेळला नाही, आणि १९८६ चा कप मॅराडोनानं उचलला. म्हणजे दोन्ही प्रकारे जमतं. मग कसं ठरवायचं?

माझा निकष असा: आर्मबँड घातल्यावर त्याचा खेळ वाढतो की आक्रसतो? हे कागदावर कळत नाही, घालून बघावं लागतं. नेमारला ब्राझीलनं तरुणपणी कॅप्टन केलं. २०१६ चं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकल्यावर त्यानं स्वतःच ते सोडलं. मेस्सीची गोष्ट तर आपल्या अंगणात सुरू झाली. २ सप्टेंबर २०११, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, अर्जेंटिना विरुद्ध व्हेनेझुएला. कायमचा कॅप्टन म्हणून मेस्सीची ती पहिली मॅच. आर्मबँड आधी माशेरानोकडं होता आणि त्यानं तो खुशीनं सोडला. सोडला खरा, पण आवाज तोच राहिला. २०१४ च्या सेमीफायनलला टायब्रेकरच्या आधी कीपर रोमेरोला धीर देणारा माशेरानोच होता. मेस्सीला बोलका कॅप्टन व्हायला वर्षं लागली, आणि त्या वर्षांत बोलायचं काम दुसऱ्यानं सांभाळलं म्हणून तो टिकला. तुमचा भारी खेळाडू मुखदुर्बळ असेल तर त्याला जरूर कॅप्टन करा, पण तुमचा माशेरानो कोण ते आधी ठरवा. तो नसेल तर करू नका.

जेवणाच्या टेबलावर

भारताच्या संघात मणिपूर, मिझोराम, बंगाल, केरळ, पंजाब, गोवा अशा सगळीकडची पोरं असतात. शिबिरात जेवायला बसली की भाषेप्रमाणं टेबलं पडतात. यात वाईट काही नाही, दिवसभर परकी भाषा बोलून जीव दमतो. निवडणाऱ्यानं एवढंच बघायचं: ताट घेऊन वेगवेगळ्या टेबलांवर बसणारा कोण आहे? नवीन आलेल्या पोराचं नाव पहिल्या दिवशी नीट उच्चारणारा कोण?

स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक संघाचा कॅप्टन, १९४८ चा लंडनचा, नागा होता: डॉक्टर तालिमेरेन आओ. बरेचसे अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे जेमतेम हरले. त्या काळी ईशान्येतला माणूस निवडला गेला तो गटबाजीच्या गणितानं नव्हे. आज आपण प्रदेशाचं गणित मांडून 'यावेळी आमचा' म्हणतो ना, ते बंद करा. कोल्हापूरकरांनो, आपल्यालाही सांगतोय.

मतदान, ज्येष्ठता की पाळी?

तीन सोपे रस्ते आहेत आणि तिन्ही कोचला त्रासातून सोडवतात, म्हणूनच ते लोकप्रिय आहेत.

ज्येष्ठता म्हणजे ज्याच्या सगळ्यात जास्त मॅचेस तो कॅप्टन. स्पेनची परंपरा बरीचशी अशीच. भांडण होत नाही हा मोठा फायदा. पण ज्याच्या मॅचेस जास्त तो ओसरणीला लागलेलाही असू शकतो, आणि मग पहिल्या चाळणीपाशी परत या.

पाळीपाळीनं देणं मला अजिबात पटत नाही. २०१९ च्या आशिया कपला कोच कॉन्स्टंटाईननी छेत्री संघात असताना आर्मबँड फिरता ठेवला. थायलंडला ४-१ हरवलं तेव्हा सगळं गोड होतं. बहरीनविरुद्ध नुसती बरोबरी हवी होती. त्या दिवशी कॅप्टन प्रणय हलदर. पोरगा जीव तोडून खेळला, आणि नव्वदीच्या आसपास त्याच्याच फाऊलवर पेनल्टी गेली. हरलो, बाहेर पडलो, कोचनी राजीनामा दिला. फाऊल कुणाच्याही हातून झाला असता. पण शेवटची दहा मिनिटं बरोबरी धरून ठेवायची असताना संघाला सवयीचा आवाज ऐकू यायला हवा, आणि सवय पाळीनं लागत नाही.

मतदान मात्र मला आवडतं, फक्त ते गुप्त हवं आणि कोचनं त्याला बांधील राहू नये. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाला, ज्यात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, पोर्तुगीज कोच दे मातोस यांनी कॅप्टन पोरांच्याच मतानं ठरवला आणि मणिपूरचा अमरजित सिंग पुढं आला. मधल्या फळीतला, कमी बोलणारा पोरगा. प्रश्न विचारताना 'कॅप्टन कोण हवा' असं विचारू नका, मग मैत्रीची मतं पडतात. 'एक गोलनं मागं आहोत, दहा जण उरलोत, दहा मिनिटं शिल्लक आहेत. कुणाचा आवाज ऐकावासा वाटेल?' असं विचारा. आणि तुमच्या वहीतलं नाव आणि पोरांच्या चिठ्ठ्यांतलं नाव वेगळं निघालं, तर अजून दोन मॅचेस बघा.

ज्याला मिळालं नाही त्याच्याकडं आधी जा

हे काम सगळेच टाळतात. २०२३ मध्ये लोरिस निवृत्त झाला आणि फ्रान्सचे तेव्हाचे कोच देशाँनी एम्बापेला कॅप्टन केलं, तेव्हा ग्रीझमान दुखावला गेला. वयानं, अनुभवानं मोठा तो. देशाँ त्याच्याशी स्वतः बोलले, तो उपकर्णधार झाला, खेळत राहिला. उलट, २०१० मध्ये बालाक जायबंदी झाल्यावर जर्मनीचा आर्मबँड लाहमला मिळाला आणि विश्वचषक चालू असतानाच तो जाहीरपणे म्हणून गेला की आपण हा परत करू इच्छित नाही. बालाक पुन्हा जर्मनीसाठी कधी खेळला नाही. लाहम २०१४ ला कप घेऊन आला, म्हणून ती गोष्ट आता गोड वाटते. आपल्याकडं १९६२ च्या संघात चुनीदांच्या हाताखाली पी. के. बॅनर्जी खेळत होते, जे दोनच वर्षांपूर्वी रोम ऑलिम्पिकला कॅप्टन होते. आणि फायनलला कोरियाविरुद्ध पहिला गोल त्यांचाच.

म्हणून क्रम असा ठेवा. नाकारलेल्या ज्येष्ठाला आधी, एकट्याला, खोलीत बसवून सांगा. कारण खरं सांगा; 'संघाच्या हितासाठी' वगैरे बोललात तर तो तिथल्या तिथं ओळखतो. मग नव्या कॅप्टनला, मग संघाला, मग पत्रकारांना. उलट्या क्रमानं गेलात तर फोनवर बातमी वाचून कळलेला माणूस पुढच्या सरावाला बूट बांधताना तुमच्याकडं बघणार नाही.

आणि निर्णय कुणाचा हे लिहून घ्या: कोचचा की फेडरेशनचा. फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडच्या असोसिएशननं जॉन टेरीचा आर्मबँड कोच कापेलोला न विचारता काढला. कापेलो उघड नाराज झाले आणि काही दिवसांत पद सोडून गेले, युरो चार महिन्यांवर असताना. टेरीची बाजू मी घेत नाही. पण काढणारा आणि निवडणारा वेगळा असेल तर कॅप्टन दोघांपैकी कुणाचाच राहत नाही, हे ड्रेसिंग रूममधल्या पोरांना पहिल्या दिवशी कळतं.

चाचणी आणि कागद

नाव पक्कं झालं तरी लगेच जाहीर करू नका. परदेशातली एखादी मैत्रीपूर्ण मॅच घ्या, शक्यतो जड संघाविरुद्ध, आणि आर्मबँड घालायला द्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनला त्यांच्याच घरी ०-० रोखलं तेव्हा आर्मबँड संदेश झिंगनकडं होता. अशी मॅच म्हणजे चांगली चाचणी. घरच्या मैदानावर, दुबळ्या संघाविरुद्ध घेतलेली चाचणी चाचणी नव्हे.

टॉसच्या वेळी त्याच्याकडं बघा. कुठली बाजू घ्यायची हे त्यानं वारा, ऊन, आपल्या प्रेक्षकांची बाजू बघून आधी ठरवलंय, की नाणं पडल्यावर बाकाकडं वळून विचारतोय? टायब्रेकरच्या किकचा क्रम कोचनं दिला, तर पाचवी किक घ्यायला नको म्हणणाऱ्या पोराला तो काय सांगतो? आणि स्वतः किक घेतो का? २०१४ ला चिलीविरुद्धच्या टायब्रेकरला थियागो सिल्वा बॉलवर बाजूला बसून राहिला होता आणि त्यानं किक मागितली नव्हती. ब्राझील जिंकलं, म्हणून ते खपलं.

शेवटी मॅचच्या दिवशीचं एक काम. कॅप्टन बाहेर आला तर आर्मबँड कुणाकडं, त्याच्यानंतर कुणाकडं, ही तीन नावं क्रमानं ड्रेसिंग रूमच्या फळ्यावर लिहा. मी डोळ्यांनी बघितलंय, कॅप्टनला स्ट्रेचरवरून नेताना त्याच्या दंडावरचा पट्टा काढायला दोघं धावलेत आणि तिसऱ्याला तो हातात धरून कुणाला द्यावा कळेना. तेवढ्यात समोरच्या संघानं थ्रो-इन घेतला. आता नियमानं मैदानात आर्मबँडवाला कॅप्टन असायलाच हवा, त्यामुळं पंच मॅच थांबवून विचारेल, "तुमचा कॅप्टन कोण?" त्या वेळी अकरा जणांनी एकमेकांकडं बघायचं नसेल, तर फळा आधी भरून ठेवा, आणि तिसरं नाव कीपरचं असेल तर पंचाशी बोलणाऱ्याचं चौथं नावही.